पोरक्यांच्या गोष्टीतले हसू

मुलांनी काय वाचावे, हा प्रश्न परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला जरा अधिकच छळतो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि अंगणात तमिळ अशा तीन भाषांत वाढणारे मूल वाचनासाठी बहुधा इंग्रजीकडेच वळते. आणि त्याच्या हातातले पुस्तक कोणत्या वळणाचे आहे हे पाहावयास आईबाप जागे होतात, तोवर ते वाचून झालेले असते.

अशाच एका पुस्तकाविषयी येथील मराठी मंडळींत बरेच मतभेद ऐकू येतात. डॅनियल हॅन्ड्लर या अमेरिकन लेखकाने लेमनी स्निकेट या नावाने लिहिलेल्या 'अ सीरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' या कादंबरीमालेचा 'द बॅड बिगिनिंग' हा पहिला भाग १९९९ साली निघाला आणि तेरावा, अखेरचा, २००६ साली. व्हायोलेट, क्लॉस आणि तान्ही सनी ही तीन भावंडे एका आगीत आईबापांना आणि घराला मुकतात. त्यांच्या इस्टेटीची व्यवस्था पाहणारे श्री. पो हे बँकेतील गृहस्थ त्यांना काउंट ओलाफ नावाच्या दूरच्या नातलगाच्या स्वाधीन करतात. ओलाफाचा डोळा वारशावर असतो. नाटकातले लग्न म्हणून चौदा वर्षांच्या व्हायोलेटशी खरोखरीचे लग्न उरकून घ्यावे आणि पैसा हाती करावा, असा बेत तो रचतो. तिने नाही म्हणू नये म्हणून तान्ह्या सनीला पिंजऱ्यात घालून मनोऱ्यावरून टांगून ठेवतो. हे सारे लेखक मिस्कील सुरात सांगतो. मध्येच थांबून अवघड शब्दांचे अर्थ समजावतो आणि पुन्हापुन्हा बजावतो की, ज्याला सुखान्त गोष्ट हवी असेल त्याने हे पुस्तक मिटून ठेवावे. मुले अर्थातच मिटून ठेवीत नाहीत.

वाचकांचे आक्षेप मुख्यतः तीन. पहिला असा की, मुलांना दुःख पुढे भेटणारच आहे. ते आधीच पुस्तकातून कशाला द्यावे? दुसरा अधिक गंभीर आहे. दुःख सांगायचेच तर ते डोळ्यांत पाणी आणून सांगावे. पोरक्या मुलांच्या हालअपेष्टांवर विनोद करणे हे निर्दयपणाचे लक्षण होय. 'श्यामच्या आई'वर ज्यांचे मन घडले त्यांना असे वाटणे स्वाभाविकच आहे. तिसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो, पण आमच्या मते खरा सल तोच. या पुस्तकातली मोठी माणसे एक तर दुष्ट आहेत, नाहीतर निरुपयोगी. अशाने मुलांच्या मनात वडीलधाऱ्यांविषयी आदर कसा राहावा? उलट मुलांना विचारावे तर ती एवढेच सांगतात की, हा लेखक खोटे बोलत नाही. आक्षेप तीन आणि उत्तर एक. परंतु ते उत्तर कोठवर पुरते हे पाहिले पाहिजे.

पहिल्या आक्षेपाला आपल्या परंपरेचा आधार नाही. तमिळ मुलखात राहून आम्हांस हे अधिक स्पष्ट दिसते. मराठीतले मुद्रित बालवाङ्मय ज्या थोड्या ठिकाणी प्रथम उगवले त्यांत तंजावर एक. तेथे सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देवनागरी छापखाना उभारला आणि इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत आणविल्या. इसापाच्या जगात लांडगा कोकराशी वाद घालतो, वादात हरतो आणि तरी त्याला खातो. याच शहरातून १९५२ पासून मराठी 'चांदोबा' निघू लागला, आणि त्यातल्या वेताळाने मस्तकाची शकले होण्याची धमकी आपल्या दोन पिढ्यांना महिन्यागणिक ऐकविली. चिलया बाळाची गोष्ट तर आपल्या आज्यांनी उखळासकट सांगितली. तीच कथा सेक्किळाराच्या बाराव्या शतकातील 'पेरियपुराणा'त सिरुत्तोंडर नायनाराची म्हणून येते, आणि मैलापूरच्या पंगुनी उत्सवात त्रेसष्ट नायनारांच्या मूर्ती मिरवतात त्यांत तो बाळाचा बापही असतो. मुले हा उत्सव बापाच्या खांद्यावर बसून पाहतात.

यावर कोणी म्हणेल की, चिलया बाळ हाकेसरशी परत येतो. येथे आईबाप परत येत नाहीत. भेद खरा आहे. जुन्या कथेत शेवटी देव प्रकट होतो, आणि श्रोत्याला मधले सारे दुःख ही परीक्षा होती असे समाधान मिळते. नव्या कथेत देव नाही, परीक्षा घेणारा नाही. मुलांच्या हातात स्वतःची बुद्धी आणि एकमेकांची सोबत एवढेच उरते. परंतु ज्या मुलाचे आईबाप खरोखरीच परतले नाहीत, त्याला पहिल्या कथेने काय द्यावे? २६ डिसेंबर २००४ रोजी याच किनाऱ्यावर समुद्र चालून आला. नागपट्टिनम येथे पोरक्या झालेल्या मुलांसाठी सरकारला निवासगृह काढावे लागले. शेवट गोड होतो हे वचन त्या मुलांच्या बाबतीत मोडले गेले होते. जी गोष्ट ते वचन देतच नाही, ती निदान त्यांचा विश्वासघात करीत नाही. मुले म्हणतात त्या खरेपणाची किंमत येथे कळते. तथापि जखम ताजी असलेल्या मुलाच्या हाती हे पुस्तक एकट्याने वाचावयास देऊ नये, असेही आम्हांस वाटते. खरेपणाला वेळकाळ असतो आणि सोबतही लागते.

दुसऱ्या आक्षेपामागे शास्त्र आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त करुणाला हास्य विरोधी मानले आहे, आणि अनुभवही सामान्यतः तसाच. मात्र हसू कोणाला हसते हे पाहिल्यावाचून त्याचा न्याय करता येत नाही. पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारी येतो; ती सबबी सांगून त्याला भिजत ठेवते आणि अखेर घरात घेऊन तापल्या तव्यावर ऊब घ्यावयास सांगते. जुन्या सांगण्यातली ही गोष्ट ऐकून मूल खदखदून हसते, आणि आपण त्याला आणखी एक घास भरवितो. येथे हसू बेघर झालेल्याला आहे! याबद्दल आजवर कोणा पालकाने तक्रार केल्याचे आम्ही ऐकले नाही. बोदलेअर भावंडांच्या गोष्टीत मुले रडत असताना लेखक त्यांना कधी हसत नाही. तो हसतो ओलाफाच्या ढोंगाला आणि श्री. पो यांच्या अंधपणाला.

या दुसऱ्या जातीचे हसू मराठीला परके नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली प्रथम रंगभूमीवर आले तेही इंदूरास, म्हणजे आपल्यासारख्याच परमुलखातल्या मराठी प्रेक्षकांपुढे. पैशाच्या लोभाने बाप पोटची मुलगी थेरड्याला देतो, यापरते करुण ते काय? परंतु देवलांनी भुजंगनाथाला हास्यास्पद केले, आणि त्याच्या बाशिंगाच्या हौसेला प्रेक्षक पोट धरून हसले. त्या हसण्याने शारदेचे दुःख हलके झाले नाही. भुजंगनाथाची प्रतिष्ठा मात्र हलकी झाली. दोन्ही कथांतले साम्य येथेच संपत नाही. शारदेचे लग्न मोडते ते वर आणि वधूपिता सगोत्र निघाल्यामुळे; व्हायोलेट वाचते ती लग्नपत्रावर उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने सही केल्यामुळे, कारण वधूने स्वहस्ते सही केली पाहिजे असे तेथील कायदा म्हणतो. मुलीला हे लग्न नको आहे, एवढे कारण दोन्ही ठिकाणी पुरे पडत नाही. तांत्रिक दोष मात्र पुरा पडतो. विनोदाच्या पोटातले विष ते हेच. आणि व्हायोलेटचे चौदावे वर्ष ज्यांना परदेशी लेखकाचा अतिरेक वाटते त्यांनी आठवावे की, १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदाच ठरविले होते, आणि ते तेव्हा पुष्कळांना फार वाटले होते.

आता तिसरा आक्षेप. ओलाफाला कोणी आपला म्हणणार नाही, तेव्हा त्याच्याविषयी वाद नाही. बोचतात ते श्री. पो. हा गृहस्थ पैशाचा अपहार करीत नाही, लाच घेत नाही, मुलांशी कठोर बोलत नाही. तो सदैव खोकत असतो, घाईत असतो आणि कागदपत्रांप्रमाणे वागतो. ओलाफाकडे काय चालले आहे हे मुले त्याच्या कचेरीत येऊन सांगतात. तो त्यांची समजूत घालून परत पाठवितो. ओलाफ उघडा पडल्यावर शेजारची दयाळू न्यायाधीश बाई मुलांना आपल्या घरी न्यावयास तयार होते, मुलेही उत्सुक असतात. परंतु मुलांचा सांभाळ नातलगाने करावा असे मृत्युपत्रात आहे, म्हणून हा सज्जन माणूस ते घर नाकारतो. सबंध पुस्तकात याहून करुण जागा नाही, आणि ती दुष्टाने घडविलेली नाही.

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक सरकारी कामात आहेत, आम्हीही आहोत. आपल्या टेबलांवरून कुटुंब निवृत्तिवेतनाचे, अनुकंपा नेमणुकीचे, पालकत्वाच्या दाखल्याचे कागद जातात. करोनाच्या साथीत, २०२१ साली, आईबाप गमावलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये हाती येतील अशी योजना केली, आणि तमिळनाडू सरकारने पाच लाखांची ठेव अठराव्या वर्षी व्याजासह देण्याचे ठरविले. या योजना चांगल्याच आहेत. पैसा सुरक्षित राहावा हे योग्यच. बोदलेअर मुलांचा वारसाही व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत सुरक्षितच असतो. अडचण एवढीच की, अठरा वर्षांपर्यंत ठेव वाढते तसे मूलही वाढावे लागते, आणि ते कोणाच्या हाताखाली वाढते हे पासबुकात उमटत नाही. कायद्याला हे ठाऊक आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे तेरावे कलम पालक नेमताना अज्ञान मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार मानते. नियमांच्या पुस्तकात ही जागा मोकळी ठेवलेली आहे. तेथे माणसाने उभे राहावयाचे असते. श्री. पो उभे राहिले नाहीत.

आपल्या इतिहासातील पोरक्या भावंडांची आठवण येथे टाळता येत नाही. विठ्ठलपंत आणि रुक्मिणी यांनी देहांत प्रायश्चित्त घेतले. मागे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुले राहिली. परंपरा सांगते की, आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना शुद्धिपत्र आणावयास पैठणला धाडले. आईबाप गेलेली चार पोरे एका दाखल्यासाठी गोदेच्या काठापर्यंत चालत जातात, आणि तेथले विद्वान शास्त्र चाळीत बसतात! रेड्याच्या मुखी वेद आले ही कथा भाविक माणूस चमत्कार म्हणून ऐकतो, आणि तसे ऐकणे योग्यच आहे. परंतु तिच्यात एक हसूही आहे, आणि ते त्या पंडितांना आहे. त्या पंडितांतही बहुधा कोणी दुष्ट नसावा. नियमाबाहेर जाण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे प्रत्येकाने प्रामाणिकपणे मानले असेल. सातशे वर्षे ही कथा आपण मुलांना सांगत आलो आणि वडीलधाऱ्यांविषयीचा आदर त्यामुळे नाहीसा झाला नाही. कोणत्या वडीलधाऱ्याचा आदर करावा हे मात्र मुलांना कळले.

या पुस्तकाला दोष नाहीत असे नव्हे. तेरा भागांत तोच ओलाफ नवे सोंग घेऊन येतो, तीच मोठी माणसे तशीच फसतात, आणि पुढेपुढे हा प्रकार यंत्रासारखा वाटू लागतो. जगात मोठ्यांचा आंधळेपणा आहे, तसे अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली काढलेले अनाथ बालिकाश्रमही आहे, आणि याच शहरात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९३० साली उभारलेले अव्वै इल्लमही आहे. ज्या मुलाला फक्त पहिलेच दाखविले त्याला अर्धेच जग दाखविले. म्हणून पुस्तक हिरावून घेण्यापेक्षा त्याच्या शेजारी ही दुसरी चरित्रेही ठेवावी, हा मार्ग आम्हांस बरा वाटतो.

तेव्हा दुःखाची गोष्ट मुलांना हसत सांगावी काय, या प्रश्नाला आमचे उत्तर होकाराचे आहे; अट एवढीच की, ते हसू दुःख देणाऱ्याला आणि दुःख न पाहणाऱ्याला असावे. अशा हसण्याने मूल निर्दय होत नाही. अन्यायाचे भय त्याच्या मनातून थोडे उतरते, आणि अन्याय ओळखण्याची नजर थोडी वाढते. मोठ्यांनी मात्र हे पुस्तक मुलांच्या नावाने चाळून बाजूस ठेवू नये. श्री. पो यांच्यावर पोट धरून हसलेली मुले उद्या आपल्याच जागांवर बसणार आहेत. तोवर त्या जागांवर आपण आहोत, आणि पोरक्या मुलांचे कागद आपल्याकडेच येत राहणार आहेत.