सुजलेला गुडघा आणि वारी

आजचं चिंतन गीतेच्या १७व्या अध्यायातल्या ५ व ६ श्लोकांवर. शास्त्र सोडून, हट्टाने शरीराला पीडा देणारे आत बसलेल्या मलाच पीडा देतात, असं भगवंत म्हणतात. अशांचा निश्चय आसुरी, बरं का!

माझा उजवा गुडघा सुजलाय. मुलुंड स्टेशनचा जिना उतरताना कळ येते. आळंदीहून माऊलींचं प्रस्थान आठ दिवसांवर. सगळे म्हणतात, "पांडुरंग नेईल ओढून." नेईलही. पण पुणे ते सासवड, मधे दिवे घाट; तिथे ओढायला शेवटी दिंडीतलीच माणसं लागतात.

म्हणून बर्फाचा शेक, पाय उशीवर आणि मुखी हरिपाठ. सूज उतरली, डॉक्टर हो म्हणाले, तर वाखरीपासून चालेन. नाहीतर यंदा पायी वारी नाही. दिंडीप्रमुखांना आज तसं कळवलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसता बसून होतो.