अंधुक तारका आणि थोरवीचें माप

मार्गशीर्षांत रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास कृत्तिकांचा पुंजका आमच्या इकडे जवळजवळ डोक्यावर येतो. घरांतील मुलांस गच्चीवर नेऊन तारका मोजावयास सांगावें, तर बहुतेक सहांवर थांबतात. षण्मुखास स्तन्य देणार्‍या पुराणांतील माताही सहाच. तैत्तिरीय ब्राह्मणांत मात्र नांवें सात आहेत : अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयन्ती, मेघयन्ती, वर्षयन्ती आणि चुपुणीका. ज्यांनीं हीं नांवें ठेवलीं त्यांची दृष्टि आमच्याहून तीक्ष्ण होती, कीं न दिसणारीस नांव देण्याचें औदार्य त्यांच्यापाशीं होतें, हें ठरविणें कठीण आहे.

ह्या पुंजक्यांतील एका तारकेस पाश्चात्त्य ज्योतिषी माइया म्हणतात. ग्रीक पुराणांत ही अॅटलासच्या सात कन्यांतील वडील आणि हर्मीस देवाची माता. (नामसादृश्यावरून आमच्या वेदान्तांतील मायेकडे धांव घेण्याचा मोह कोणास झाला, तर तो त्यानें आवरावा.) नुसत्या डोळ्यांस ती निळसर-पांढरा असा एक बारीक ठिपका दिसते. तिची प्रत ३.८७, व्याधाचा तारा तिच्यापेक्षां सुमारें १३५ पट तेजस्वी भासतो. शहरांतील विजेच्या झगझगाटांत तर तिला शोधून काढावी लागते. आणि हिचीच गणना शास्त्रज्ञ ‘राक्षसी’ तार्‍यांत करितात! मोठें तें सारें राक्षसी, ही आमची शब्दयोजनाही मोठी मासलेवाईक आहे.

ही गणना वावगी नाहीं. माइयाचा व्यास सूर्याच्या साडेपांच-सहा पट आहे, आणि तिचें तेज सूर्याच्या सहाशें पटींहूनही अधिक. सूर्याच्या पृष्ठाचें तपमान केल्विनच्या मापानें सुमारें ५,८०० अंश, तर हिचें १२,५०० च्या घरांत. तिची निळसर कांति ह्या उष्णतेचीच. जो व्याध तिला फिकी पाडतो त्याचें खरें तेज हिच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. फरक काय तो अंतराचा. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर, ही सुमारें ४४० प्रकाशवर्षांवर. आज रात्रीं जो किरण आमच्या डोळ्यांत शिरेल, तो निघाला तेव्हां पैठणास एकनाथमहाराज हयात होते. आपला सूर्य तिच्या शेजारीं नेऊन ठेविला, तर दुर्बिणीवांचून तो कोणास दिसणारही नाहीं.

दिसणें आणि असणें ह्यांत एवढी तफावत असतां आपण मनुष्यांविषयीं जे अभिप्राय बिनदिक्कत देतों, त्यांस आधार तो कोणता? हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेच्या निवडमंडळावर आम्ही बसलों होतों. तालुक्याच्या गांवचे एक गणिताचे शिक्षक मुलाखतीस आले. बोलतांना अडखळत, कोटाची एक गुंडी तुटलेली, उत्तरें खालीं पाहून देत. पंधरा मिनिटांनीं आम्हीं त्यांच्या नांवापुढें ‘सामान्य’ असा शेरा लिहिला, व जागा दुसर्‍यास गेली. पुढें दोन वर्षांनीं कामानिमित्त त्या गांवीं एक रात्र मुक्काम पडला. पहांटे पांच वाजतां बाहेर पडून पाहतों, तों त्यांच्या ओसरीवर दहाबारा मुलें कंदिलाच्या उजेडांत भूमितीचे सिद्धान्त सोडवीत बसलेलीं! फी नाहीं, गाजावाजा नाहीं. हा क्रम वर्षानुवर्षें चालला होता. त्यांनीं आम्हांस ओळखलें, आंत बोलावलें, चहा दिला. आमचा शेरा त्यांस ठाऊक होता किंवा कसें, हें विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

परंतु ह्यावरून जें जें अंधुक तें तें थोर, असें मानूं लागणें ही दुसरी आंधळी वाट होय. अलीकडे उपेक्षितांत महात्मे शोधण्याची जी हौस दिसते, तिच्यांत पुष्कळदां विचारापेक्षां भाबडेपणाच अधिक असतो. बर्नार्डचा तारा अवघ्या सहा प्रकाशवर्षांवर आहे, तरी नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. आणि तो खरोखरच लहान आहे, सूर्याच्या शतांश तेजही त्याच्यापाशीं नाहीं. अंधुकपणा स्वतः कोणत्याच बाजूची साक्ष देत नाहीं. आधीं अंतर मोजावें, मग तेज ठरवावें. आणि अंतर मोजणें तरी कोठें सोपें आहे? हिप्पार्कस नामक उपग्रहाच्या १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापांनीं कृत्तिका सुमारें एक-दशांशानें जवळ आणून ठेविल्या होत्या. त्यावर कित्येक वर्षें वाद चालला. २०१४ सालच्या रेडिओ-दुर्बिणींच्या मापांनीं आणि पुढें गाया ह्या उपग्रहानें जुनें, मोठें अंतरच खरें ठरविलें.

तारकांविषयीं निराशेनें बोलणारेही चुकलेच. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कोंत ह्यानें १८३५ सालीं बजावलें कीं, तार्‍यांचें रासायनिक घटक मनुष्यास कधींही कळणार नाहींत. तो १८५७ सालीं वारला, आणि १८५९ सालीं किर्खोफ व बुन्सेन ह्यांनीं वर्णपटांतील रेषांवरून द्रव्य ओळखण्याची किल्ली हस्तगत केली. त्या रेषांचा तपमानाशीं मेळ घालणारें समीकरण १९२० सालीं मांडलें तें आमच्याच मेघनाद साहांनीं. ह्याच विद्येनें माइयाच्या वातावरणांत मँगेनीज अवाजवी प्रमाणांत आहे हें उघड केलें. तिच्या भगिनी गरगर फिरतात, ही संथपणें. म्हणून तिचें वातावरण निवांत राहतें, आणि प्रकाशाचा दाब कांहीं मूलद्रव्यें हळूहळू वर उचलून धरतो. गडबडींत जें मिसळून गेलें असतें, तें संथपणांत पृष्ठावर आलें.

तिच्या चरित्रांतील एक गोष्ट आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. १९५५ सालीं ऑटो स्ट्रूव्ह ह्या ज्योतिषानें तेज बदलणार्‍या तार्‍यांचा एक नवा वर्ग कल्पून त्यास माइयाचें नांव दिलें. पुढें २०१५ सालीं केप्लर दुर्बिणीनें कृत्तिकांतील सात ठळक तारकांवर नजर ठेविली, आणि त्या निरीक्षणांचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. सहा जणी स्पंदन पावतात असें त्यांत आढळलें. सातवी माइया मात्र तशी नव्हे. तिचें तेज दहा दिवसांच्या फेर्‍यानें किंचित् कमीजास्त होतें, तें अंगावरच्या मोठ्या रासायनिक डागामुळें. जिच्या नांवानें वर्ग ओळखला जात होता, तिचाच त्या वर्गाशीं संबंध नव्हता! जातीचें, घराण्याचें किंवा परीक्षेच्या श्रेणीचें नांव कपाळीं घेऊन जन्मभर वावरणारीं माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ह्याचें फारसें नवल वाटूं नये.

ह्या निरीक्षणांतली गंमत सांगावयाची राहिली. केप्लर दुर्बीण अंधुक तार्‍यांसाठीं बांधलेली. तिच्या पटलास ह्या तारका सोसवेनात इतक्या तेजस्वी ठरल्या. शेवटीं शास्त्रज्ञांनीं तारकेचा मध्य सोडला आणि सभोंवार सांडलेल्या उजेडावरून हिशेब केला. आमच्या गच्चीवर मात्र मुलें अजून सहाच मोजतात. परवां आमची धाकटी नात सातवी दिसते म्हणून हटून बसली. तिच्या भावांनीं तिला खोटी ठरविली, आणि बराच वेळ वाद चालला होता.