अ‍ॅडजस्ट म्हणजे नेमकं काय करायचं?

 

इंग्रजीचा एक धडाही न शिकलेल्या आपल्या आज्या एक इंग्रजी शब्द बिनचूक वापरतात, तो म्हणजे ‘अ‍ॅडजस्ट’. हैदराबादेत तर तो मराठी, तेलुगू, दखनी सगळ्यांत चालतो. इथे ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना बसप्रवास मोफत झाला आणि कोठीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. दोघींच्या सीटवर तिसरी येते, “थोडा अ‍ॅडजस्ट करो अम्मा” म्हणते, आपण सरकतो, तिची पिशवी आपल्या मांडीवर येते. कुणाचं काही बिघडत नाही. चार स्टॉपनंतर ती उतरते.

हाच शब्द लग्न झालेल्या मुलीला सांगतो तेव्हा मात्र कुठल्या स्टॉपपर्यंत ते कुणी सांगत नाही.

आपल्या शेजारच्या तेलुगू घरांत मुलीला ‘सर्दुकुपो’ म्हणतात. सामान सर्दणं म्हणजे सामान नीट लावणं, बांधाबांध करणं. म्हणजे स्वतःलाच सामानासारखं नीट लावून घे. मला हा शब्द ऐकला की नेहमी वाटतं, बॅग भरताना काय ठेवायचं नि काय काढायचं ते बॅगेला कुणी विचारतं का?

शब्दकोश पाहिला तर गंमत आहे. ‘अ‍ॅडजस्ट’ जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनचा ‘युक्स्टा’, म्हणजे ‘जवळ’. त्याचं मूळ आणि आपल्या ‘युज्’ धातूचं मूळ एकच. ज्यातून ‘योग’ आला तोच हा युज्, जोडणारा! पुढे लोकांना वाटलं की हा शब्द ‘जस्ट’ म्हणजे न्याय्य यावरून आला असावा. तसं नव्हतं, पण ती छटा त्याला चिकटली ती चिकटलीच. जवळ आणणं आणि न्याय्य करणं, दोन्ही त्या शब्दात आहेत. आपण वापरताना दोन्ही विसरतो.

मराठीत आपल्याकडे यासाठी एक नाही, डझनभर शब्द आहेत. इंग्रजी शब्द आला आणि सगळे एका डब्यात कोंबले गेले. तडजोड म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडणं. जुळवून घेणं यातही दोन बाजू आहेतच, एकटीला जुळता येत नाही. सांभाळून घेणं हे ज्याच्या हातात जास्त आहे त्याचं काम, म्हणजे खरं तर सासरच्यांनी नवीन मुलीला सांभाळून घ्यायचं असतं. पड खाणं म्हणजे समजून-उमजून आज माघार घेणं. मनाला मुरड घालणं; करंजीला मुरड घातली की सारण आत सुरक्षित राहतं, तशी मुरड चांगलीच. चालवून घेणं म्हणजे वस्तू बरी नाही पण भागवू. आणि मग सोसणं, मन मारणं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हे शेवटचेसुद्धा आपण ‘अ‍ॅडजस्ट’च म्हणतो! बघा ना, एकाच शब्दात बसमधली सीट आणि बुक्क्यांचा मार.

शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे सांगायला नको. मशीनमध्ये वरच्या दोऱ्याचं टेन्शन असतं आणि खाली बॉबिन केसलाही एक बारीक स्क्रू असतो. दोन्हींचा मेळ बसला तर गाठ कापडाच्या आत पडते, वरून दिसत नाही. वरचा दोरा फार ताणला तर खालचा वर ओढला जातो आणि वरचा सुतळीसारखा सरळ पडून राहतो. टाके दिसतात व्यवस्थित, पण ओढ बसली की शिवण तिथेच सुटते.

आता कुणी म्हणेल, आजकालच्या मुली अ‍ॅडजस्टच करत नाहीत. काही नसतील करत. काही मुलगेही करत नाहीत, आणि मुलाकडे परदेशी गेलेल्या किती सासवा डिशवॉशरशी नि सुनेच्या वेळापत्रकाशी निमूट जमवून घेतात, तेही मी पाहते. माझा मुद्दा फक्त इतकाच की सांगताना कोणता शब्द मनात आहे ते आधी पाहावं.

दुसरी शंका आपल्यातलीच आहे. अहंकार सोडा, हेच ना सत्संगात शिकतो? हो. पण अहंकार सोडायला आपण स्वतःला सांगायचं असतं. दुसरीचा अहंकार आपण तिच्या वतीने सोडून द्यायचा, ही कुठली साधना?

संत बहिणाबाईंचं उदाहरण नेहमी सोशिकपणासाठी देतात. तुकोबांना गुरू मानणाऱ्या, सतराव्या शतकातल्या. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनावरून नवऱ्याने त्यांना मारलं, बांधून ठेवलं. त्या घर सोडून गेल्या नाहीत हे खरं. पण त्यांनी भक्तीही सोडली नाही, गुरूही बदलला नाही, आणि मारहाण झाली हे आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलं. झाकलं नाही. आपण गोष्ट सांगताना पहिला भाग सांगतो, हा गाळतो.

आणि झाकणं किती आहे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या बायांपैकी सुमारे ७७ टक्के बायांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या लेकी. सांगितलं असतं तर बहुधा एकच शब्द ऐकायला मिळाला असता, हे त्यांना ठाऊक असणार.

मागच्या महिन्यात सेवेला आलेल्या एका भगिनीने विचारलं, “लेक फोनवर रडते, मी काय सांगू?” आम्ही पाच-सहा जणी भाजी निवडत होतो. दोघींच्या तोंडून एकदम तोच शब्द निघाला. एक वयस्कर काकू मात्र म्हणाल्या, “सांगू नकोस काही. विचार. तिकडे कोण कोण काय काय सोडतंय ते विचार.” त्या भगिनीने तिथूनच फोन लावला आणि गच्चीवर गेली. भाजी निवडून झाली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी ती खाली आली नव्हती.

महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे. हिंसा होत असेल तर तिथे बोलता येतं. हा नंबर आपापल्या फॅमिली ग्रुपवर टाकायला संकोच वाटत असेल, तर लेकी-सुनांना वेगळा पाठवा.