भूमी परत मिळते, माणसांचं काय?

हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहातल्या दिएगो गार्सिया बेटावर १९७१ साली पाळीव कुत्री गोळा करून खोबरं वाळवण्याच्या शेडमध्ये कोंडली गेली आणि गाड्यांचा धूर आत सोडून मारली गेली. अमेरिकी लष्करी तळासाठी बेट रिकामं करायचं होतं. पुढची पाळी आपली, ही धास्ती माणसांनी घेतली. त्यांना नेणाऱ्या नॉर्डव्हेर जहाजावर घोड्यांना डेकवर जागा मिळाली. बायका-मुलं ग्वानो खतावर झोपली. १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरचे दीड-दोन हजार रहिवासी असे घराबाहेर काढले गेले.

याची मुळं १९६५च्या लंडनमधल्या वाटाघाटींत आहेत. मॉरिशसला स्वातंत्र्य हवं होतं. ब्रिटनने तीस लाख पौंड देऊन चागोस बेटं आधीच मॉरिशसपासून तोडून घेतली. २०१९मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लावजा मत देताना हे तोडणं बेकायदा ठरवलं. पण बेटांवर हक्क कोणाचा, राष्ट्राचा की तिथे राहिलेल्यांचा?

ब्रिटनचं म्हणणं असं होतं की ही माणसं मूळची नाहीतच, नारळाच्या मळ्यांवरचे कंत्राटी मजूर. मात्र त्यांच्या पूर्वजांना अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी गुलाम म्हणून आणलं होतं. आधी बळजबरीने आणायचं आणि पिढ्यांनंतर त्यांच्याच वंशजांना उपरे म्हणायचं, हा अन्याय आहे, मग कायद्याची भाषा कितीही नेटकी असो.

तत्त्वज्ञ जॉन लॉकने मालकी श्रमाशी जोडली. पण तो इथे पुरा पडत नाही, कारण नोकराने कापलेली गवताची ढेकळं तो मालकाच्याच नावावर टाकतो. हक्क श्रमाहून खोल कुठेतरी असतो: जिथे लेकरं जन्मली, माणसं पुरली गेली, तिथे. २००६मध्ये सुमारे शंभर जणांना थोड्या दिवसांसाठी बेटांवर जाऊ दिलं, तेव्हा त्यांनी पूर्वजांच्या कबरींवरचं रान साफ केलं.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सियाचा ताबा ९९ वर्षं ब्रिटनकडे. चागोसवासी वाटाघाटींत पक्षकार नव्हते. मॉरिशसमधल्या काहींनी कराराचं स्वागत केलं, ब्रिटनमधल्या अनेकांनी विरोध. दोघांचीही संमती कोणी मागितली नव्हती. करारानुसार मॉरिशस इतर बेटांवर पुनर्वसन करू शकतं. दिएगो गार्सिया मात्र त्यातून वगळलं आहे, आणि चागोसमधलं सर्वांत मोठं बेट तेच.