आत कोणी आहे का?

कोसल देशातल्या सेतव्या नगरीचा अधिपती पायासी याला परलोक, पुनर्जन्म, आत्मा यांपैकी काहीच मान्य नव्हते. पण नुसते नाकारून तो थांबला नाही. दीघनिकायातल्या पायासी सुत्तात त्याने केलेले प्रयोग सांगितले आहेत आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. पकडून आणलेल्या चोराला त्याने जिवंतपणी रांजणात कोंडले, तोंड ओल्या कातड्याने आणि मातीने लिंपून घेतले आणि रांजण भट्टीवर चढवला. चोर मेल्यावर झाकण हळूच उघडून जीव बाहेर पडताना दिसतो का, ते पाहिले. काही दिसले नाही. दुसऱ्या एका चोराला आधी जिवंत तोलले, मग धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारले आणि पुन्हा तोलले. वजन घटले तर नाहीच, उलट प्रेत जड भरले.

१९०७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्ण सहा होते. पहिल्याचे वजन मृत्यूच्या वेळी पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने घटल्याचे त्याने सांगितले. बाकीच्यांची मापे एकमेकांशी जुळत नव्हती. तरीही ‘आत्म्याचे वजन २१ ग्रॅम’ ही गोष्ट जगभर पसरली आणि आजही सांगितली जाते.

पायासीला आत्मा नाही हे सिद्ध करायचे होते, मॅकडूगलला तो आहे हे. गृहीत मात्र दोघांचेही एकच होते: चैतन्य ही देहात ठेवलेली वस्तू आहे आणि ती गेली की तिच्या जाण्याची खूण सापडायला हवी. पायासीशी वाद घालणाऱ्या कुमार काश्यपाने नेमके हेच हेरले. अग्नी विझला म्हणून अरणीचे तुकडे तुकडे करून त्यांत अग्नी शोधणाऱ्या अजाण मुलाची गोष्ट त्याने सांगितली. लाकूड कितीही बारीक चिरले तरी अग्नी हाती लागत नाही. तो मंथनातून प्रकट होतो.

भारतीय परंपरेतला हा वाद श्रद्धा आणि अश्रद्धा एवढ्यापुरता कधीच नव्हता. चार्वाकांचे म्हणणे असे की पृथ्वी, आप, तेज, वायू यांपैकी एकातही चैतन्य नाही, पण किण्व आणि इतर द्रव्ये एकत्र आली की जशी मादकता उत्पन्न होते, तसे या चौघांच्या संयोगातून ते उपजते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात या मताचा समाचार घेतला. रूप हा देहाचा गुण आहे, म्हणून तो प्रेतातही दिसतो. चैतन्यही देहाचाच गुण असता तर प्रेतात ते का नाही? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण आजचा मेंदूवैज्ञानिक त्याला उत्तर देईल की मृत्यूनंतर पेशी काही काळ जागच्या जागी असतात, त्यांचा व्यवहार थांबतो. चैतन्य पदार्थाचा गुण नसून त्या व्यवहाराचा असेल, तर शंकराचार्यांचा आक्षेप त्याला लागू पडत नाही.

या व्यवहाराचा पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोज मिळतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन रुग्णाला जाहीरपणे भूल दिली, तेव्हापासून माणसाची जाणीव ठरवून घालवता येते आणि परत आणता येते. भुलीखाली मेंदू बंद पडत नाही. त्याच्या दूरदूरच्या भागांतली देवाणघेवाण मोडते. नुसत्या पेशींच्या संख्येवरही जाणीव अवलंबून नसते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतल्या सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. तरीही जन्मतः लहान मेंदू नसलेली माणसे अडखळत का होईना चालतात, बोलतात, सुखदुःख अनुभवतात.

स्वभावाचेही तसेच. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँटमधल्या कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि मुकादम फिनिअस गेज याच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून आरपार निघाली. तो जगला, पण शांत, जबाबदार गेज लहरी आणि शिवराळ झाल्याचे त्याच्या डॉक्टरने नोंदवले. पुढे त्याने चिलीमध्ये घोडागाडी हाकण्याचे कामही केले. बुद्धी आणि स्वभाव हेच आत्म्याचे रूप मानणाऱ्याला ही घटना अडचणीत टाकते. सांख्यांना मात्र ती अडत नाही, कारण त्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार आधीच प्रकृतीकडे दिले आहेत. पुरुष केवळ साक्षी. गीतेच्या तेराव्या अध्यायात तर इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांच्याबरोबर चेतनाही क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या देहात, मोजली आहे. क्षेत्रज्ञ, म्हणजे त्याला जाणणारा, तिच्याही पलीकडचा. ज्ञानेश्वरीत या यादीचा एकेक घटक उलगडून सांगितला आहे.

मग प्रश्न उरतो तो त्या साक्षीचा. १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला पत्राने विचारले की जडत्व नसलेला आत्मा जड शरीराला हलवतो कसा? देकार्तची उत्तरे तिला पटली नाहीत. विज्ञानाचीही गाठ याच्याच जवळ अडली आहे: मेंदूतल्या विद्युत आणि रासायनिक घडामोडींना अनुभवाची चव येते कुठून? १९९८ मध्ये मेंदूवैज्ञानिक क्रिस्टॉफ कॉख याने तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी पैज लावली होती की जाणिवेची मेंदूतली नेमकी खूण २५ वर्षांत सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सभेत कॉखने हार मान्य केली.

जाणीव म्हणजे काय, हा प्रश्न असा खुला आहे. पण समोरच्या देहात ती आहे की नाही, हा प्रश्न थांबून राहू शकत नाही. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर पाच महिने निश्चल पडलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितले, ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा’, मग ‘आपल्या घरात खोल्याखोल्यांतून फिरा’. निरोगी माणसाच्या मेंदूत जे भाग जागे होतात, तेच तिच्याही मेंदूत झाले. २०१० मध्ये अशाच एका तरुणाने ‘हो’साठी टेनिस आणि ‘नाही’साठी घर मनात आणून सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आज्ञेला बाहेरून कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू आज्ञा पाळत असल्याचे आढळले.

दर चौघांत एक. पायासीने रांजण उघडून पाहिले आणि कोणी नाही असा निर्वाळा दिला. या साठ जणांविषयीही बाहेरून पाहणाऱ्याला तसेच वाटले असते.

याचा अर्थ मृत्यू ओळखताच येत नाही असा मुळीच नाही. मस्तिष्कस्तंभ मृत्यू ही वेगळी अवस्था आहे: श्वास केवळ यंत्राने चालतो, मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्यात चार डॉक्टरांचे मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी अशी कसोटी आहे. अवयवदानाचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

प्रश्न आहे तो त्या रेषेच्या अलीकडे, श्वास स्वतः घेणाऱ्या, डोळे उघडणाऱ्या, पण काहीच न बोलणाऱ्या माणसांचा. २००९ च्या एका अभ्यासात पूर्ण अजाण ठरवलेल्या ४४ रुग्णांची ठरावीक पद्धतीने पुन्हा तपासणी झाली, तेव्हा १८ जणांत जाणिवेच्या खुणा निघाल्या. तिथे महागडा स्कॅनर नव्हता. साधा आरसा समोर धरून रुग्णाची नजर त्यामागे फिरते का, हे पाहणे हाही त्या तपासणीचा भाग असतो. अशा रुग्णांची जाणीव दिवसभरात कमीजास्त होत राहते, म्हणून एकदाच तपासून चालत नाही. सकाळी, दुपारी, वेगवेगळ्या दिवशी तपासा, असे नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर म्हणावे. आणि ‘यांना काही कळत नाही’ हे वाक्य कोणीही त्या खाटेशेजारी उच्चारू नये.