ओहोटीचा वेळ

सुटीचे दोन दिवस मित्रमंडळीत घालविणे हा कालाचा अपव्यय होय काय, असा प्रश्न कर्तव्यदक्ष मनुष्यास पुष्कळदा पडतो. गेल्या वैशाखात अलिबागेस आम्हांसही तो पडला.

तेथील कुलाबा किल्ला शिवछत्रपतींनी १६८० साली बांधावयास घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. ओहोटीस तेथे पायी जाता येते, भरतीस तो पाण्याने वेढला जातो. गणपतीचे दर्शन घेऊन, तटावरून हिंडून आम्ही परत फिरलो, तो पाणी चढू लागले होते. आमच्यातील एकाचे गुडघे दुखत होते. “तुम्ही व्हा पुढे,” तो म्हणाला. आम्ही गेलो नाही. त्याच्याच पावलाने चालून, पोटरीभर पाण्यातून किनाऱ्यास लागलो. आपण मैत्रीस जागलो, असे समाधानही मानले.

रात्री बोलता बोलता कळले की, आम्हांस खोळंबा होऊ नये म्हणून तो तटावर चढलाच नव्हता; देवळापाशी बसून राहिला होता. आमच्या ते ध्यानातही आले नव्हते. मग उपकार कोणी कोणावर केला?

आमच्या मते, मित्रांतला वेळ व्यर्थ जात नाही; परंतु तो कोणा एकाच्या मालकीचाही नसतो. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने तो मोजावा, आणि तोही निघतानाच. पाणी चढल्यावर नव्हे.