विन्या ते विनोबा

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्यात १८९५ साली भाव्यांच्या घरी मुलगा जन्मला. नाव विनायक, पण आई रुक्मिणीबाईंच्या तोंडी कायम ‘विन्या’. १९१६ मध्ये तो गांधीजींच्या कोचरब आश्रमात दाखल झाला आणि तिथे त्याचा विनोबा झाला. विनायकराव झाला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

‘राव’ अख्ख्या नावामागे लागतो. तो मान खरा, पण चार हात लांबून दिलेला. ‘बा’चं तसं नाही. बा म्हणजे बाप, वडीलधारा, आणि तो लागायचा तर नाव आधी घरातलं व्हावं लागतं. तुकारामाचा आधी तुका होतो, मग तुकोबा. आदर द्यायचा म्हणून जवळीक सोडावी लागत नाही. विशीतल्या पोराला संतांच्या पंगतीचं नाव मिळालं, तरी त्यात घरातला विन्या शाबूतच राहिला.

पण विन्यातला हाच ‘या’ किती विखारी होऊ शकतो, हे आपल्या गावांनी पाहिलं आहे. केस पिकलेल्या, गावकुसाबाहेरच्या माणसाला पाटलाचं शेंबडं पोर ‘ए धोंड्या’ म्हणे आणि म्हाताऱ्याने ‘जी’ म्हणत पुढे यायचं. व्याकरण तेच, प्रत्यय तोच. मग आईची हाक गोड आणि ही हाक अपमानाची का? विन्या आईला ‘अगं आई’ म्हणू शकत होता; धोंड्याला त्या पोराला ‘अरे’ म्हणायची सोय नव्हती. लाडकं नाव दोन्ही बाजूंनी चालतं. एकाच बाजूने चाललं की त्यात माया उरत नाही, नुसती मालकी उरते.

म्हणून जनाबाई मला थोर वाटते. नामदेवाघरची ही दासी स्वतःला ‘जनी’ म्हणवते आणि रागावली की पंढरीच्या देवालाही ‘विठ्या’ म्हणते. देवाशीसुद्धा तिची अरेतुरे बरोबरीची.

अशीच जवळीक विनोबांनी गीतेशी साधली. रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळत नसे आणि मराठीत सोपी हवी होती. त्या १९१८ मध्ये गेल्या. विनोबांनी १९३०-३१ मध्ये गीता मराठीत समश्लोकी उतरवली आणि तिच्या नावालाही नातं जोडलं: गीताई.